कुटुंबवत्सलतेची मर्यादा

चिखली तालुक्यांतील एका खेड्यांत राहणारे आमचे एक वृद्ध शेतकरी स्नेही गेल्या वर्षीं नव्वदी ओलांडून वारले. त्यांचा नातू आमच्या महाविद्यालयांत आमचा विद्यार्थी होता. त्याच्यामुळें ओळख झाली, आणि पुढें वीस वर्षें आम्ही दर उन्हाळ्यांत एकदां तरी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत असूं. दहाव्याच्या दिवशीं नदीकांठीं मंडळी जमली असतां शहरांतून आलेले एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, "माणूस सज्जन होता खरा, पण घरापलीकडे त्यानें जन्मांत काय पाहिलें?" त्या वेळीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. परंतु प्रश्न मनांतून जाईना. आणि तो एका मनुष्यापुरता नाहीं, हें उघड आहे. आपल्यापैकीं बहुतेकांचें आयुष्य घरासाठींच खर्ची पडतें. नीतीच्या दृष्टीनें त्याची योग्यता काय समजावयाची?

या बाबतींत थोर विचारवंतांचें मत आम्हां गृहस्थांस फारसें अनुकूल नाहीं. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतील रक्षकवर्गास खासगी कुटुंबच ठेवूं दिलें नाहीं. 'माझें' हा शब्द तेथूनच राज्यांत शिरतो, अशी त्याला भीति. बेकनच्या मतें बायकामुलें हीं मोठ्या कार्यांच्या आड येतात. आमच्याकडे तर 'प्रपंच' हा शब्दच किंचित् नाक मुरडून उच्चारण्याची चाल आहे. मुलांसाठीं केलेला त्याग हा वस्तुतः लांबविलेला स्वार्थच होय, असा या सर्वांचा आक्षेप थोडक्यांत मांडतां येईल. ॲरिस्टॉटलनें प्लेटोस दिलेलें उत्तर मात्र मार्मिक आहे: जें मूल सर्वांचें, त्याची काळजी कोणालाच नसते, प्रेम फार पसरलें म्हणजे पातळ होतें. पण या उत्तरानें कौटुंबिक प्रेमाचा जोर तेवढा सिद्ध होतो. तें न्याय्य आहे, असें सिद्ध होत नाहीं.

म्हणून ग्रंथ बाजूस ठेवून आमच्या स्नेह्यांच्या आयुष्याकडेच पाहूं. घाटावरची चवदा एकर कोरडवाहू जमीन. विहिरीभोंवतालचें रान काळें, बाकीचें मुरमाड. ज्वारी, तूर, कपाशी, आणि अलीकडे सगळीकडे झालें तसें सोयाबीन. धाकटा भाऊ तरुणपणींच गेला. त्याची बायको व तीन मुलगे यांच्या पदरीं पडले. स्वतःचे दोन मुलगे आणि दोन मुली. १९७२ च्या दुष्काळांत पेरलेलें बीं देखील परत आलें नाहीं, तेव्हां नवराबायको दोघेंहि दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेलीं. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनची परदेशी तांबडी मिलो, एवढ्यावर घर चाललें. (त्या मिलोच्या भाकरीची आठवण निघाली कीं म्हाताऱ्याचें तोंड शेवटपर्यंत वांकडें होई.) भावाचा थोरला मुलगा त्या वर्षीं मॅट्रिकच्या वर्गांत होता. त्याची शाळा सोडवून त्याला कामावर न्यावा, असें सर्वांनीं सुचविलें. यांनीं त्याची शाळा सोडविली नाहीं. स्वतःच्या थोरल्याची सोडविली. आम्हीं कारण विचारलें तेव्हां म्हणाले, "त्याचा बाप असता तर त्यानं सोडवली नसती."

पुढें वाटणीची वेळ आली. निम्मी जमीन पुतण्यांस देणें प्राप्तच होतें. परंतु विहिरीकडचें काळें रान त्यांच्याकडे जावें, असें कांहीं कोणी म्हटलें नव्हतें. यांनीं तें दिलें आणि मुरमाड आपल्या मुलांकडे ठेवलें. थोरला मुलगा दोन वर्षें बापाशीं बोलला नाहीं. लांबविलेल्या स्वार्थाचें वर्तन असें नसतें. 'माझें' म्हणजे 'माझ्या रक्ताचें' असा या मनुष्याचा अर्थच नव्हता. जें आपल्या पदरीं पडलें, तें आपलें, असा होता. घर हें न्याय शिकण्याचें ठिकाण होऊं शकतें. आणि स्वकीयांविरुद्ध न्याय करणें हें लोकांसाठीं सभा भरविण्यापेक्षां कठीण असतें, असें आम्हीं त्या गृहस्थांस सांगावयास हवें होतें.

येथपर्यंत आमचा पक्ष सोपा आहे.

पण खडी फोडणाऱ्या दोन माणसांपैकीं सातबाऱ्यावर नांव एकाचेंच होतें. बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, पुरुषांस एक माप आणि स्त्रियांस दुसरें कां, असा रोकडा सवाल केला. त्यांच्याच जिल्ह्यांत तें दुसरें माप अद्यापि मोडलेलें नाहीं. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलींस मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं मुलांच्या आग्रहावरून आमचे स्नेही दोन्ही मुलींस घेऊन हक्कसोडपत्रासाठीं कचेरींत गेले. थोरलीनें सही केली. धाकटीनें लेखणी हातांत घेतली आणि विचारलें, "बाबा, मी या घरची नाही काय?" हे कांहीं बोलले नाहींत. कागद तसाच ठेवून तिला एस.टी.नें घरीं घेऊन आले आणि पुनः तो विषय काढला नाहीं.

पुतण्यास सख्ख्या मुलापुढें बसविणाऱ्या मनुष्यास ही गोष्ट सुचली कशी नाहीं, याचें आम्हांस नवल वाटे. त्याच्या 'पदरीं पडलेल्यां'त लेकी नव्हत्या. त्या दुसऱ्याच्या पदरीं दिलेल्या होत्या. निष्ठा खोटी नव्हती. तिचा धुराच चुकीच्या जागीं घातलेला होता, आणि तो त्यांनीं घातलेला नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. एका उन्हाळ्यांत ते आपण होऊन म्हणाले, "त्या पोरीच्या बोलण्याचं उत्तर मले अजून सापडलं नाही, सर." दुसऱ्या कोणत्या हिशेबाविषयीं ते असें बोललेले आम्हांस आठवत नाहींत.

आतां वारसांचीं नांवें लावण्याचें काम निघालें आहे. गेल्या महिन्यांत नातू आमच्याकडे आला. आत्याकडे पुनः सही मागावी, असें घरांत चाललें आहे; तुम्हांला काय वाटतें, असें त्यानें विचारलें. मागूं नका, असें आम्हीं सांगितलें आणि वर जें लिहिलें आहे त्यांतलें बरेंच ऐकविलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारलें, "सर, तुमच्या घराच्या वेळी काय केलं होतं?"

आमच्या बहिणीनें सही केली होती. आम्हीं ती घेतली होती. तसें त्याला सांगितलें. तो "बरं, सर" म्हणाला, आणि चहा न घेतां गेला.