पडद्यावरची वस्ती आणि धम्माचा प्रश्न

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. सिनेमा हिंदी, पण त्यातली पोरं बोलायला लागली की नागपूरचा माणूस सावरून बसतो. वाक्याच्या शेवटी येणारा तो 'बे' त्याला थेट आपल्याच गावचा वाटतो.

गोष्टही इथलीच. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. पडद्यावर बारसे 'बोराडे सर' झाले, आणि ते रंगवले अमिताभ बच्चन यांनी. वस्तीतल्या 'डॉन' या पोराची भूमिका करणारा अंकुश गेडाम मात्र नागपूरचाच. पदार्पणातल्या या कामासाठी त्याला फिल्मफेअर मिळालं.

सिनेमात आंबेडकर जयंती येते. डीजे, निळे झेंडे, बेभान नाचणारी पोरं, आणि एका चौकटीत बाबासाहेबांची तसबीर व बच्चन. नागपूरच्या बौद्ध घरांत ही तसबीर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहे. व्यावसायिक हिंदी सिनेमाला मात्र ती एवढ्या उघडपणे आणि आदराने दाखवायला फार वर्षं लागली. त्या दृश्यावर अनेकांचा ऊर भरून आला, यात नवल नाही.

पण इथेच प्रश्न उभा राहतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेईलही, पण राजकारणातली विभूतिपूजा अधःपाताकडे नेते. मग पडद्यावरच्या तसबिरीसमोर हात आपसूक जुळतात, तेव्हा ज्या देवदर्शनाच्या धर्मातून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारून लाखो माणसं बाहेर पडली, तोच मागच्या दाराने परत येतो का?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. नुसत्या तसबिरीवर आपण थांबलो, तर उत्तर 'होय' असंच आहे.

१९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माचं केंद्र देवाकडून काढून माणसामाणसांतल्या नात्यात ठेवलं. कोण कोणाकडे कसं पाहतो, हाच तिथे धर्माचा प्रश्न होतो. त्या कसोटीवर 'झुंड'मधला सर्वांत धार्मिक प्रसंग जयंतीचा नाहीच. तो रिंकू राजगुरूने रंगवलेल्या आदिवासी मुलीच्या बापाचा आहे. लेकीचा पासपोर्ट हवा, त्यासाठी कागद हवेत. आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला हा माणूस इकडून तिकडे पायपीट करतो. जिवंत माणूस समोर उभा असताना त्याच्या असण्याचा पुरावा मागितला जातो. ना तिथे गाणं, ना तसबीर. संथ, रखडलेला आणि पाहायला त्रासदायक असा तो भाग आहे. काहींना तिथे सिनेमा लांबल्यासारखा वाटतो. पण तो भाग कापला असता, तर जयंतीचं दृश्य निव्वळ जल्लोष उरलं असतं.

कोण कोणाकडे कसं पाहतो, हेच कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंतही सांगते. बोराडे सर ती ओलांडतात ते दया म्हणून नव्हे. त्यांना त्या पोरांच्या पायांतला खेळ दिसलेला असतो.

आपलं गाव पडद्यावर दिसलं, याचा आनंद नागपूरकरांनी जरूर घ्यावा. पण 'झुंड' पुन्हा लावाल, तेव्हा जयंतीचं गाणं संपल्यावर उठू नका; कागदांसाठी वणवण करणारा तो बाप शेवटपर्यंत पाहा.