निरक्षराचे मत

मताचा अधिकार माणसाच्या विद्येवर उभा असतो की त्याच्या माणूसपणावर, हा प्रश्न राज्यशास्त्राचा समजला जात असला तरी त्याचे मूळ तत्त्वज्ञानात आहे, कारण बऱ्यावाइटाचा निवाडा करण्याची शक्ती प्रत्येकाच्या ठायी असते काय, हेच त्यात विचारलेले असते. ब्राझीलच्या १८९१ च्या राज्यघटनेने निरक्षरांना मतदानापासून दूर ठेवले आणि ही बंदी १९८५ पर्यंत टिकली. अर्जेंटिनात अशी अट नव्हती. परंतु मत उघडपणे द्यावे लागत असल्याने ते बळवंतांच्या ताब्यात राही, आणि १९१२ च्या साएन्झ पेन्या कायद्याने पुरुषांचे मतदान गुप्त व सक्तीचे केल्यावरच हा दाब सैल झाला.

हाच प्रश्न मराठवाड्यातल्या चाकूरपुढेही होता. १९३० च्या दशकात हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत व्यवसायवार प्रतिनिधित्वाची, म्हणजे जहागीरदार, व्यापारी, वकील, पदवीधर, शेतकरी अशा हितसंबंधांना वेगवेगळे प्रतिनिधी देण्याची योजना होती. तिच्यात धंद्याला आवाज होता, नुसत्या माणसाला नव्हता. हा विचार ज्या भूमीवर लादला जात होता, तिने मात्र बाराव्या शतकातच कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) अनुभवमंटपात, म्हणजे बसवेश्वरांनी उभारलेल्या धर्मचर्चेच्या सभेत, चांभार, धोबी व स्त्रिया यांचे बोलणे प्रमाण मानलेले होते. शास्त्र वाचलेल्यापेक्षा जगलेल्याचे ज्ञान कमी नाही, हा शरणांचा, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांचा, सिद्धांत होता आणि चाकूरच्या परिसरातील लिंगायत समाजात तो आजही जिवंत आहे. तरीही या समतेने गावगाड्यातली उतरंड मोडली नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पंगतीत शेजारी बसणारे कूळ शेतसाऱ्याच्या वेळी पाटलापुढे हात जोडूनच उभे राहिले. इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागताना निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, असे ठामपणे मांडले. दुःख कोठे आहे हे ते भोगणाऱ्यालाच नेमके कळते, ही त्या मांडणीतली खरी ताकद.

स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी चिन्हासह आडोशाआड ठेवलेली असे आणि मतपत्रिका कोणतीही खूण न करता हव्या त्या पेटीत टाकली की मत झाले, त्यामुळे अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही कोणाची मदत घ्यावी लागत नव्हती. अनुभवमंटपाची समता सर्वांसमक्ष बोलण्याची होती. या आडोशाने त्या समतेला न बोलता, कोणाचे तोंड न पाहता निवाडा करण्याचा अधिकार जोडला, आणि कुळाला अधिक गरज होती ती याचीच.