खोड जागेची की जागेवरच्याची?

खोटी हाकाटी करणाऱ्याला गप्प करणे न्याय्य आहे काय? प्रश्न जुना आहे. लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीत तो कायमचा निकालात निघाला, अशी आपली समजूत असते. मला मात्र तो अलीकडे एका पिकअप गाडीच्या मागच्या बंपरपाशी पुन्हा भेटला.

मोटारींच्या पाठीला हल्ली सेन्सर असतात, ते वाचकांनी पाहिले असतील. आपल्याकडे नव्या प्रवासी मोटारींना ते १ जुलै २०१९ पासून सक्तीचेच झाले. मालाच्या पिकअपला पुष्कळ मालक ते बाहेरून बसवून घेतात. नाण्याएवढ्या चार टिकल्या. प्रत्येक टिकली तोंडही आणि कानही. रिव्हर्स गिअर पडला की ती सेकंदाला सुमारे ४०,००० कंपनांचा, आपल्या कानाला न कळणारा आवाज सोडते आणि तो कशावर आदळून परत येतो याची वाट पाहते. अडथळा मीटरभर दूर असला तर प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे सहा सहस्रांशांत परततो. वटवाघूळ अंधारात हेच करते. गंमत अशी, की स्वतःचा आवाज विरेपर्यंत या टिकलीला दुसरे काही ऐकू येत नाही. त्यामुळे अगदी चिकटून उभे असलेले तिच्या ध्यानात नीट येत नाही. हा दोष फक्त यंत्रातच असतो असे नव्हे. पण ते असो.

आमच्या शेजारच्या पिकअपमधून बाजारात टोमॅटोचे क्रेट जातात. पावसाळ्यानंतर तिचा बझर मागे चिटपाखरू नसताना ओरडू लागला. पहिल्या कारागिराने डावीकडून तिसरी टिकली दोषी ठरविली, उपटली आणि नवी बसविली. नवीही ओरडली. मालक वैतागून म्हणाले, "वायरच तोडून टाका. पूर्वी काय गाड्या मागे येत नव्हत्या?" त्या वेळी फाळक्याच्या मागे अंगणात त्यांचीच नातवंडे मातीत खेळत होती. फाळक्याखाली बसलेले पोर ड्रायव्हरला आरशात दिसत नाही, हे मालकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण रोजची कटकट माणसाला तिच्यामागचे कारण विसरायला लावते.

शेवटी एक वयस्क मेस्त्री आले. मला म्हणाले, "गुरुजी, ओरडणाऱ्याला इतक्यात हात लावायचा नाही." आधी त्यांनी ओल्या फडक्याने चारही टिकल्यांवरचा चिखल पुसला. मग काही लोंबते आहे का ते पाहिले. माल बांधायची दोरी, फाळक्याची साखळी, वाकलेली नंबरपट्टी यांपैकी काहीही त्या कानांना अडथळाच वाटते. दसऱ्याला हौसेने मागच्या बाजूलाही झेंडूचा हार बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मग इंजिन बंद, चावी चालू, हातब्रेक ओढलेला आणि गिअर मागचा, अशा स्थितीत त्यांनी एकेका टिकलीला कान लावला. जिवंत टिकली बारीक टिकटिकते. चारही टिकटिकत होत्या. तेव्हा त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या टिकलीची अदलाबदल केली. दोष टिकलीबरोबर गेला तर टिकलीचा. जागीच राहिला तर त्या जागेपर्यंत येणाऱ्या वायरचा, नाहीतर वायर जिथे पोहोचते त्या डबीचा. दोष जागीच राहिला. गाडीखाली शिरून पाहिले, तो चेसिसवर घासून तिसरी वायर सोललेली, तिच्यात पाणी शिरलेले. काढून टाकलेली मूळ टिकली बहुधा निर्दोष होती. ती तोवर कचऱ्यात गेली होती.

ही अदलाबदल मला फार मोठी गोष्ट वाटते. आम्हा शिक्षकांना ती थोडी साधते. खिडकीजवळच्या बाकावरचा मुलगा सदा गडबड करतो, म्हणून त्याला पुढे घ्यावे, तर त्याच्या जागी बसलेला गरीब स्वभावाचा मुलगा आठवड्यात तसाच चुळबुळू लागतो. मग आपण खिडकीतून डोकावतो, तर समोर बसस्टँड! परंतु घरात काय करावे? धाकटी सून सारखी कुरकुरते म्हणून तिला आणि थोरलीला महिनाभर एकमेकींच्या जागी ठेवून पाहण्याची सोय कोणत्याही घरात नाही. कचेरीत तक्रारखोर ठरलेल्या कारकुनाचे टेबल साहेब स्वतः आठ दिवस सांभाळीत नाहीत. तिथे आपण त्या पहिल्या कारागिरासारखे वागतो. जिथून आवाज आला तिथेच दोष आहे असे धरतो, कारण आवाज ऐकू येतो आणि गाडीखालची वायर दिसत नाही. तो कारागीर अप्रामाणिक होता असे मी म्हणणार नाही. तो फक्त घाईत होता, आणि पुष्कळसा अन्याय घाईतच होतो.

लांडग्याच्या गोष्टीविषयीही माझी एक तक्रार आहे. पोर खोटे ओरडले, हे ठीक. पण गावाने दुसरा राखणदार का नेमला नाही, हे कोणी विचारीत नाही. राखण तर गावाच्याच मेंढरांची होती.

आणि जी टिकली कधीच ओरडत नाही तिचे काय? काही संचांत एखादी टिकली मेली तरी बाकीच्या तीन आपले काम करीत राहतात आणि चौथीची उणीव कोणाला भासत नाही. ओरडणारीची निदान तपासणी तरी होते. मेस्त्रींनी जाताना एक लाकडी फळी मागितली, उभ्या गाडीमागे ती एकेका टिकलीसमोर धरली आणि बझर चारदा वाजवून घेतला. मालकांना म्हणाले, "महिन्यातून एकदा एवढं करा. आणि मुलं अंगणात असली तर खाली उतरून बघा." मालकांनी मान डोलावली. फळी सध्या त्यांच्या चुलीजवळ आहे.