रडणाऱ्या लेकराची माफी कोणी मागावी?

हिवरखेडहून अकोटकडे जाणाऱ्या एस.टी.त एक लेकरू कडेवर व दुसरे बोटाशी घेऊन चढलेली बाई फार वेळ अवघडून उभी राहत नाही. "दे वं माय, त्याले माह्यापाशी," म्हणत कोणीतरी थोरल्याला मांडीवर ओढून घेते. कुरकुरणारा एखादा असतोच. परंतु त्या बाईने साऱ्या गाडीची माफी मागावी, असे त्याच्याही मनात येत नाही.

हीच बाई नवऱ्याकडे अमेरिकेस निघाली की प्रसंग पालटतो. तो नोकरीनिमित्त आधीच गेलेला असतो. दोन कच्चीबच्ची घेऊन ही मागाहून एकटी निघते. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानानेही १५-१६ तास लागतात. एका मोठ्या माणसाने २ वर्षांखालील एकच मूल मांडीवर घ्यावे, दुसऱ्यास स्वतंत्र आसन घ्यावे, असा नियम आहे. आईला हात दोनच, हे त्या नियमाने मान्य केले आहे. मात्र एकाला शौचालयात नेताना दुसऱ्याला कोणी धरावे, याविषयी तो मुका आहे.

विमान उतरू लागले की आतील हवेचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. आपण आवंढा गिळून मोकळे होतो. तान्ह्याला ते उमजत नाही. त्या वेळी पाजले तर गिळता गिळता त्याचे कान मोकळे होतात. पण दोघे एकदम रडू लागली तर?

२०१९ साली सेऊलहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका आईने आपल्या ४ महिन्यांच्या बाळाच्या वतीने दोनशेहून अधिक सहप्रवाशांना गोळ्या, कानातले बोळे आणि दिलगिरीची चिठ्ठी वाटली. जगभर कौतुक झाले. मला मात्र ते कौतुक खुपते. आईची माया खरीच. पण बाळाने अपराध करण्याआधीच तिला तो कबूल करावासा वाटला, याचा दोष कोणाकडे जातो?

दुसरी बाजू पोकळ नाही. शेजारच्या आसनावर कोणी वडिलांच्या अंत्यविधीला निघालेला असेल, दोन रात्री जागलेला असेल. त्याचा त्रास खोटा कसा म्हणावा? तरीही त्याने विकत घेतली ती जागा. इतरांचे मौन तिकिटात येत नाही. माफीचा प्रश्न उद्भवतो तो जे आवरणे आपल्या हाती होते त्याबाबत. चार वर्षांचा थोरला पुढच्या आसनाला लाथा मारत असेल, तर आईने त्याला आवरावे आणि माफीही मागावी. तान्ह्याच्या कानातील कळ कोणाच्या हाती असते?

मग शेजाऱ्याने काय करावे? "मी धरू का थोडा वेळ?" असे विचारावे. विचारावेच, परस्पर हात पुढे करू नये. अनोळखी माणसाच्या हाती लेकरू द्यायला आई कचरली, तर तो आपला अपमान समजू नये. निदान वरच्या कप्प्यातील तिची पिशवी तरी काढून द्यावी.