थकवा, तमोगुण आणि परळीचा वैद्यनाथ

अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या परळीच्या वैद्यनाथमंदिरात भाविकाला शिवलिंगास स्वहस्ते स्पर्श करता येतो. आणि त्या स्पर्शामागची कथा अशी की, समुद्रमंथनातून निघालेले अमृत व धन्वंतरी या लिंगात दडविले गेले, दैत्यांनी हात लावताच त्यातून ज्वाला उसळल्या आणि भक्तांनी हात लावताच अमृत स्रवू लागले. ज्याला जे मिळते ते त्याच्या पात्रतेनुसार, असा या कथेचा अन्वयार्थ सहसा लावला जातो. रुग्णाच्या बाबतीत तो मला अन्यायाचा वाटतो.

शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली ज्या व्याधीचे पद्धतशीर वर्णन केले, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजविते. मग शब्द वेळेवर आठवत नाहीत, आणि रात्रभर झोपूनही न उतरणारा थकवा अंगात मुरतो. तो कोणाला दिसत नाही, म्हणून घरचे त्याला आळस म्हणतात. आणि गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्वाला प्रकाशक व निरामय, तर आलस्य व निद्रा यांना तमाचे पाश म्हटलेले असल्यामुळे या शेऱ्यावर अनायासे धर्माची मोहोरही उमटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ही व्याधी सरकारदफ्तरी दाखल झाली खरी. पण घरच्या दरबारात तो दाखला चालत नाही.

सकाळी दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसविण्याची जी रीत ऋतुजन्य औदासीन्यासाठी १९८४ पासून रूढ होत गेली, ती आता या थकव्यावर व मंदावलेल्या बुद्धीवर अजमावली जात आहे. नेत्रपटलातील काही पेशी प्रकाशाची वर्दी मेंदूतील कालनियामक केंद्रास देतात आणि जागृती येते, असा त्यामागचा तर्क. निकाल अद्याप निर्णायक नाही. तुलनेसाठी ज्यांना मंद तांबडा दिवा दिला, त्यांचाही थकवा एका चाचणीत कमी झाला. आपला थकवा खरा मानून कोणी त्याची रोज दखल घेते, यातच काही औषध असावे, असे मला मनापासून वाटते.

परळीत प्रकाशाला तोटा नाही, पण तेथेच खरी अडचण आहे. श्रमाने या रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते हे उथॉफने १८९० मध्ये नोंदविले, आणि त्याचे मूळ अंगातील वाढत्या उष्म्यात आहे हे पुढे उमगले. त्यामुळे वैशाखात ज्या सूर्याने सकाळी जागवावे तोच दुपारी लोळवितो. ज्वाला आणि अमृत येथेही एकाच उगमातून येतात, परंतु वाट्याला काय यावे हे पापपुण्यावर नव्हे, तंतूच्या आवरणावर ठरते. म्हणून अशा माणसाला उन्हे तापण्यापूर्वी अंगणात बसवावे, आणि महाशिवरात्रीच्या रांगेत तो उभा राहिला नाही तर त्याची भक्ती उणी धरू नये.

याला आधार गीतेतच आहे. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना शरीररूप अधिष्ठान आणि इंद्रियरूप साधने ही कर्त्याहून निराळी मोजली आहेत. तेव्हा ज्याचा कर्ता उठू पाहतो आणि ज्याचे साधन त्याला उठू देत नाही, त्याला तामस ठरविण्याचा अधिकार तो ग्रंथ आपल्याला देत नाही.