शोकाचं कापड कुणी बेतावं?

मराठी घरांत शोकाला वेश होता, पण तो बेतण्याचा हक्क शोक करणारीला नव्हता. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. अनेक ब्राह्मण घरांत केशवपन करून तांबडं आलवण अंगावर यायचं. गेलेला माणूस तिच्या मनात कसा उरला आहे, हे कुणी विचारत नसे. त्या घरांतल्या सगळ्या विधवांना एकच वेश. तो दुःखासाठी नव्हताच. बाईला कुठे बसू द्यायचं आणि कुठे नाही, हे लांबूनच कळावं यासाठी होता. ही गोष्ट जुनी म्हणून सोडूनही देता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये.

म्हणून एखादा डिझायनर आपल्या माणसाच्या मरणावर कपडे करतो, तेव्हा मला त्यात नुसती हौस दिसत नाही. फॅशन संपादक इसाबेला ब्लो २००७च्या मे महिन्यात गेली. तिनेच डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनला सुरुवातीला उचलून धरलं होतं. त्याच ऑक्टोबरात पॅरिसला त्याने अख्खा संग्रह तिला वाहिला. तिच्या आवडीच्या भरजरी थाटातच त्याने तिची आठवण मांडली. शोक काळाच असावा, ही तिकडची अट त्याने मानली नाही.

इथे भोपाळमध्ये, शाहपुऱ्यातल्या शिंप्यांकडे हेच काम गाजावाजा न होता चालतं. आई गेल्यावर लेक तिची रेशमी साडी घेऊन येते, कुर्ता शिवायला. मास्टरजी साडी उजेडासमोर धरतात. रेशीम घडीवर चिरलेलं असतं, जर काळवंडलेली असते. विरलेला भाग ते खडूने वगळतात, अस्तर लावावंच लागेल म्हणतात. पदरावरचा हळदीचा डाग दिसतो. तो काढायचा नाही, पुढच्या बाजूला घ्यायचा, असं लेक सांगते. मग कात्री चालते. आईची साडी लेकीच्या मापाची होते. आपल्याकडे गोधडीत घरच्यांचे जुने कपडे असेच एकावर एक धावदोऱ्याने टाचले गेले आणि रोज अंगावर घेतले गेले. आठवण वापरात राहिली.

याच शहराने २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री विषारी वायुगळतीत हजारो माणसं गमावली. मृतांच्या आकड्यांवर अजून वाद आहे. गॅसपीडितांच्या पुढाकाराने २०१४ साली उभ्या राहिलेल्या रिमेंबर भोपाळ म्युझियममध्ये मात्र गेलेल्या लेकरांचे कपडे ठेवले आहेत. आकड्यातून जे कळत नाही ते तिथे कळतं: बाही केवढी होती, गळा केवढा होता. कपड्याला माप असतं, आणि माप एकाच जिवाचं असतं. आलवणात नेमकं तेच नव्हतं.

दुःख विकायला काढलं, हा आक्षेप शोकावर कपडे करणाऱ्या डिझायनरवर घेतला जातो, आणि तो दर वेळी खोटा नसतो. स्वतःचा शोक बेतणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण गॅसकांडासारखी सार्वजनिक जखम 'थीम' म्हणून उचलून रॅम्पवर नेणारा, माप न घेताच कापड कापत असतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्याशी तो बोललेला नसतो. कोणती खूण ठेवायची, कोणती झाकायची, हे त्याने त्यांना विचारलेलं नसतं. मग तोही जुन्या समाजासारखाच वागतो. दुसऱ्याच्या दुःखाला वेश ठरवून देतो.

शाहपुऱ्यापासून जवळच, भदभदा रस्त्यावर निफ्ट या फॅशनच्या संस्थेत मुलं-मुली कपडे बेतण्याचं शास्त्र शिकतात. पोत, कट, रंग त्यांना येईलच. शोकावर काम करायचं तर शोक करणाऱ्याला आधी विचारायचं, हेही अभ्यासाचा भाग व्हावं. विधवांच्या अनेक पिढ्यांना ते कुणी विचारलं नाही, आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर अंगावर वागवली.