मद : एका शब्दाचा विचार

षड्‌रिपूंमध्ये मदाची गणना होते. म्हणून तो त्याज्य, हे साधकास वेगळे सांगावे लागत नाही. परंतु नामस्मरणात कंठ दाटून येतो, चित्त भरून जाते, तो उल्हासही मदच काय, अशी शंका वासनिकांच्या मनात येते. मग उल्हासाला भिऊन स्मरण कोरडे करावे काय? उलटपक्षी, ज्याने मद्याचा थेंबही शिवला नाही तो मदापासून सुटला, असे मानावे काय? या दोन्ही शंकांच्या निरसनासाठी शब्दाच्या मुळाकडे जावे लागते.

'मद्' या धातूचा अर्थ धातुपाठात 'हर्ष' असा दिला आहे. मद्य, मदिरा, मत्त, उन्माद ही त्याचीच संतती होय. 'मधु' हा शब्द ध्वनीने जवळचा वाटला तरी त्याचे मूळ निराळे. भिजणे, ओथंबणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी भाषाशास्त्रज्ञ 'मद्'चे नाते जोडतात. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणाऱ्या स्रावासही आपण मदच म्हणतो. मराठीतील 'माजणे' हे प्राकृताच्या वाटेने 'माद्यति' या रूपातून आले, 'मातणे' हे 'मत्त' यातून आले. आणि फारसीतून आलेला 'मस्त' हा त्याच 'मत्त'चा दूरचा भाऊ. एकाच घराण्यातील 'मस्त' स्तुतीचा आणि 'माज' निंदेचा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ऋग्वेदात सोमाचा मद हे इंद्राचे बळ म्हणून वर्णिले आहे. आणि अनेकांनी एकत्र बसून भोगलेल्या हर्षास 'सधमाद' अशी संज्ञा आहे. पारशीयांच्या अवेस्तेतही हाच शब्द आढळतो. तेथे असा भेद केला आहे की, इतर सर्व मदांच्या सोबत क्रोध चालतो, हओमाच्या मदासोबत मात्र ऋत चालते. म्हणजे हर्षाचे मोल त्याच्या सोबत्यावरून ठरविले.

पुढे महाभारताच्या वनपर्वात च्यवनाची कथा येते. शर्यातीच्या यज्ञात च्यवनाने अश्विनीकुमारांस सोमाचा भाग देऊ केला. ते वैद्य, त्यांस हा अधिकार नाही, म्हणून इंद्राने वज्र उगारले. तेव्हा च्यवनाने त्याचा बाहू स्तंभित केला आणि अग्नीतून मद नावाचा असुर उत्पन्न केला. इंद्र शरण आल्यावर त्या असुराची वाटणी मद्य, स्त्रिया, द्यूत आणि मृगया यांत झाली. ज्या इंद्राचे मद हे बळ, त्यालाच गिळावयास मद उठला. आणि तो उठला केव्हा? सोम वाटून घेण्यास इंद्राने नकार दिला तेव्हा. इंद्र ही देवता. तिची ही गत, मग जीवाची काय कथा?

पाणिनीनेही एक सूक्ष्म भेद नोंदविला आहे. हर्षाच्या अर्थी 'प्रमद' आणि 'संमद' ही रूपे त्याने स्वतंत्रपणे सांगितली. एरवी उपसर्ग लागताच 'प्रमाद' होतो, आणि त्याचा अर्थ अनवधान. एका मात्रेचे अंतर. पण एकात चित्त जागे आहे, दुसऱ्यात निजले आहे. गीतेच्या १४ व्या अध्यायात प्रमाद हा आळस आणि निद्रा यांच्या पंक्तीस बसविला आहे, तो याच कारणाने. १६ व्या अध्यायात आसुरी जनांचे वर्णन करताना मद दोन वेळा येतो : एकदा दंभ आणि मान यांच्यासह, एकदा धन आणि मान यांच्यासह. दोन्ही ठिकाणी मान त्याच्या शेजारी आहे.

यावरून पहिल्या शंकेचे उत्तर असे की, हर्ष स्वतः दोष नव्हे. स्मरणातील उल्हासाने सावधपण वाढत असेल, दुसऱ्या जीवाविषयी करुणा येत असेल, तर त्याचे भय धरू नये. दुसऱ्या शंकेचे उत्तर अधिक कठोर आहे. मद्य उतरते, ज्ञानाचा आणि त्यागाचा मद आपण होऊन उतरत नाही. जैन आचार्यांनी मदाचे ८ प्रकार सांगताना त्यांत ज्ञान आणि तप यांचीही गणना केली, ती विनाकारण नव्हे. गृहस्थाचा मद गाव पाहते व त्यास बोल लावते. संन्याशाच्या मदास मात्र लोक वैराग्य समजून दंडवत घालतात, म्हणून त्यास सावध करणारा कोणी उरत नाही.

तेव्हा उल्हास आला असता साधकाने एवढेच पाहावे की, याच्या सोबत कोण आले आहे. 'मी इतरांहून थोर' हा भाव आला असेल, तर मद्यावाचूनच मद चढला असे जाणून तेथेच थांबावे, आणि आपल्याहून धाकट्या साधकाजवळ बसून त्याचे ऐकावे.